पेट्रोल की डिझेल, एवढंच सांग

पोंते, ८ सप्टेंबर २०१४

कोस्तांझो,

फोन केला की माझा आवाज ऐकून तू ठेवून देतोस, म्हणून पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच. मला तुझी माफी नको, खुलासा नको, नाताळला येणार का हेही मी विचारत नाही. मला तुझ्याकडून एक शब्द हवा आहे, आणि तोही तुझ्या धंद्यातला.

शेळी गेली. गोठ्यातली नव्हे, गाडी. चारही चाकांनी चढणारी आपली ती डबडी, जिला अख्खी वस्ती शेळी म्हणत आली. तपासणीला नेली तर तिथल्या माणसानं खालून सहज बोट लावलं आणि बोट आरपार आत गेलं. बोट पुसत तो पापांना म्हणाला, की आजोबा, ही गाडी नाही, चाळण आहे. पापा म्हणाले, असेल, पण या चाळणीतून आजवर एकही माणूस गळलेला नाही. मग त्यांनी तिच्या टपावर दोनदा हात फिरवला आणि भंगारवाल्याशी मला बोलायला लावून स्वतः बाहेर जाऊन उभे राहिले.

आता खरी गोष्ट ऐक. वर प्रारोस्सोत तीन चुली उरल्या आहेत: पापा, ओनोरीना, आणि चार गाई नि एक ट्रॅक्टर घेऊन बसलेला बतिस्तीन. ओनोरीनाच्या मुलीनं सांगून टाकलंय, वस्तीत गाडी नसेल तर आईला हिवाळ्यात वर ठेवणार नाही, सालुत्सोला घेऊन जाणार. आणि पापा त्र्याऐंशीचे. त्यांच्याशी डोकं फोडून फोडून मी एवढं कबूल करून घेतलंय, की बर्फ पडायच्या आत दुसरी गाडी दारात आली नाही तर ते खाली माझ्याकडे राहायला येतील. तू हसशील, की मग गाडी शोधतेस कशाला, गप्प बस की. मलाही तेच वाटतं. माझ्याकडे हिटर आहे, खाली औषधाचं दुकान आहे, शाळेच्या स्वयंपाकघरातून मी दुपारी दोनला घरी असते. पण मी हातपाय हलवले नाहीत म्हणून त्यांना उतरावं लागलं, हे मरेपर्यंत ऐकून घ्यायची माझी तयारी नाही. गाडी शोधायची, मनापासून शोधायची, आणि मग जे होईल ते होवो.

पण आपल्या घरात इंजिनातलं कळणारा माणूस एकच, आणि त्याच्याशी बाप बोलत नाही. तू लायसन्सच्या डॉक्टरला फोन करून सांगितलंस, की यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. डॉक्टरनं तपासलं आणि पास केलं. मग ईस्टरच्या जेवणात पापांनी सगळ्यांसमोर तुला चुगलखोर म्हटलं, आणि तू भरलं ताट टाकून सवोनाला निघून गेलास. दोन वर्षं झाली. मी कोणाच्याच बाजूनं नव्हते. तुझ्या ताटातलं कोकराचं मटण गार होत होतं, ते मी खाल्लं, एवढाच माझा त्यातला भाग.

छोटी फोर-बाय-फोर हवी, जुनी नको, एवढं ठरलंय. आता पेट्रोल की डिझेल, एवढंच सांग.

देल्फीना


पोंते, २३ सप्टेंबर

कोस्तांझो,

तुझ्या गॅरेजचं कार्ड मिळालं. मागे लिहिलंयस: "पेट्रोल." खाली सही पण नाही. एक शब्द मागितला तर माणसानं एकच शब्द द्यावा, हा कुठला हिशेब? कारण लिहिलं असतंस तर हात झिजले असते का?

कारण मला हवं होतं, कारण इथे युद्ध पेटलं आहे. मी मूर्खासारखी इलारियोच्या बारमध्ये कॉफी पिताना विषय काढला. पाच मिनिटांत अख्खा बार दोन पक्षांत. फादर रेमीज्यो पेट्रोलवाले. त्यांचं म्हणणं, डिझेल गाडीत काजळी अडवणारी जाळी असते, रोज वर-खाली एवढंच चालवलं तर ती तुंबते आणि गाडी गुदमरते. इलारियो डिझेलवाला. तो म्हणाला, फादर, तुमची गाडी देवाच्या कृपेवर चालते, तिला इंधनाचं काय. मग पोस्टमन, मग लाकूडवाला, मग ज्याला सायकलसुद्धा धड येत नाही तो नोटरीचा कारकून. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी माझे पैसे ठेवून निघाले तरी कोणाला पत्ता नव्हता.

आणि पापा. त्यांना डिझेल हवंय. का, तर बतिस्तीनचा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो आणि तो कधी दमत नाही. पेट्रोल म्हणजे त्यांच्या मते बायकांचं अत्तर, वास मोठा आणि जोर नाही. मी म्हटलं, पापा, शेळी सत्तावीस वर्षं पेट्रोलवरच चढत होती. तर म्हणाले, म्हणूनच बिचारी लवकर गेली.

तू म्हणालास म्हणून पेट्रोल, हे त्यांना सांगायची सोय नाही. तुझं नाव काढलं की ते उठून चुलीत लाकूड घालतात, चूल धडधडत असली तरी. मी आपली म्हणते, कोणीतरी जाणकार माणूस सांगत होता. कोण, म्हणतात. मी म्हणते, समुद्राकडचा. ते म्हणतात, समुद्राकडच्यांना चढ काय माहीत.

शनिवारी मी त्यांना कुनेओच्या शोरूमला घेऊन जाते आहे. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, त्यातलं शिंगरू कोण हे तुला सांगायला नको.

देल्फीना


पोंते, ६ ऑक्टोबर

कोस्तांझो,

घेतली. डिझेल. ओरडू नकोस, आधी ऐक.

शोरूममधला पोरगा चोवीस-पंचवीसचा, केसांना तेलासारखं काहीतरी चोपडलेलं. पापा गेले ते रविवारच्या पँटनिशी थेट गाडीखाली आडवे झाले. पोरग्याला वाटलं म्हातारा पडला, तो पाणी आणायला धावला. पापांनी खालूनच सांगितलं, की पोट उंच आहे, ठीक आहे. मग बरोबर आणलेली चीजची लाकडी पेटी मागे बसते का ते पाहिलं, मग पेटीवर वासरू बसेल का ते हातांनी मापलं. पोरग्यानं विचारलं, यात गाणी कशी लावायची दाखवू का. पापांनी विचारलं, याची काच कशी पुसायची दाखव.

मग तो कागद भरायला बसला आणि म्हणाला, गाडी चालवणार कोण?

"सगळे," पापा म्हणाले.

तो हसला. मग पापांनी त्याला समजावून सांगितलं, मला वाटतं त्या दिवसभरातलं त्यांचं तेवढंच लांब बोलणं. वस्तीत गाडी एकच, म्हणून किल्ली गाडीतच असते. ज्याला गरज पडेल तो घेऊन जातो, ज्याला चालवता येत नाही त्याला दुसरा कोणी नेतो. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. नंतर आपापल्या लाकडाच्या खोपीतला डबा आणून टाकीत थोडं ओतायचं, कोणी बघत नसताना. बघताना ओतलं तर ते उपकार फेडल्यासारखं दिसतं, आणि शेजाऱ्याला तसं करणं बरं नव्हे. पोरग्यानं विचारलं, मग कोणी ओतलंच नाही तर? पापांना प्रश्नच कळला नाही. ते माझ्याकडे बघायला लागले.

मग त्यानं डिझेलची गाडी हॉस्पिटलमागच्या चढावर नेली आणि चाक पापांच्या हातात दिलं. पापा चढाच्या मध्यावर थांबवून पुन्हा निघाले, पुन्हा थांबवून पुन्हा निघाले. मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. ते खाली उतरले तेव्हा गाल लाल झाले होते, आणि मला कळलं की आता पेट्रोलचं नाव काढण्यात अर्थ नाही. माणूस त्र्याऐंशीव्या वर्षी इतका खूश झालेला मी पाहिला नव्हता. हेही सांगते, की मी ठरवलं असतं तर पेट्रोल घ्यायला लावू शकले असते. नाही लावलं.

आणि तुझं दुसरं कार्ड आज येतंय, गाडी दारात लागून तीन दिवस झाल्यावर. त्यावर काय, तर "डबे. वर सगळ्यांचे डबे पेट्रोलचे आहेत." अरे, हे पहिल्या कार्डावर मावलं नसतं का? पण काळजी करू नकोस, आम्ही काही बावळट नाही. पापांनी टाकीच्या झाकणावर लाल रंगानं डिझेल असं लिहून चिठ्ठी चिकटवली आहे. बतिस्तीनला सांगितलं, तो म्हणाला बरं झालं, आता ट्रॅक्टरच्याच डब्यातून ओतेन. मी म्हटलं, ते शेतीचं स्वस्तातलं, रंग घातलेलं, रस्त्यावर पोलिसांनी पकडलं तर? तो म्हणाला, टाकीत वाकून बघणारा पोलीस अजून जन्मायचाय. ओनोरीनालाही मी स्वतः सांगितलं. तिनं दोनदा मान हलवली.

तर आता पापा वरच राहणार. माझ्या घरातली मागची खोली मी रिकामी करून ठेवली होती, तिच्यात परत शिलाईचं मशीन नेलं. वाईट वाटलं का विचारशील तर हो, वाटलं.

देल्फीना


पोंते, ३ नोव्हेंबर

कोस्तांझो,

हे पत्र रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

काल मृतांच्या सणाला सगळं खोरं स्मशानात जमलं होतं. मी आईच्या कबरीवर फडकं मारत होते. पापा नि बतिस्तीन शेवंतीच्या कुंड्या गाडीत घालून वरून येत होते. चॅपेलच्या खालच्या वळणावर गाडीनं लोखंडाचा डबा हलवावा तसा आवाज केला, दोन आचके दिले आणि रस्त्याच्या मधोमध मेली. मागे दहा-बारा गाड्या अडकल्या. महिन्याभराची नवी गाडी, आणि वर-खालचे सगळे ओळखीचे लोक हातात फुलं घेऊन बघायला गोळा.

लिव्यो मेकॅनिक तिथेच होता, त्याच्या आईच्या कबरीशी. त्यानं कोट काढला, नळी लावून टाकीतलं थोडं बाहेर काढलं, बोटाला घेऊन हुंगलं.

"यात पेट्रोल आहे," तो म्हणाला. "कोणी टाकलं?"

बतिस्तीननं लगेच सांगितलं, माझा डबा ट्रॅक्टरचा, दुसरं काही माझ्याकडे नाहीच. सगळे पापांकडे बघायला लागले. ते जरा वेळ टाकीच्या झाकणाकडे बघत राहिले, स्वतःच्या हातानं लिहिलेल्या त्या लाल चिठ्ठीकडे. मग म्हणाले, "मीच टाकलं. जुनी सवय."

कोस्तांझो, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डिझेल पाहिजे म्हणून सगळ्यांशी भांडला कोण? चिठ्ठी लिहिली कोणी? आणि त्यात पेट्रोल ओतणाराही हाच. लायसन्सचा तोच डॉक्टर चार पावलांवर उभा होता, त्यानं सगळं ऐकलं. नंतर मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, की देल्फीना, आता मला याकडे काणाडोळा करता येणार नाही. तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, कारण तू डोळा म्हणाला होतास आणि हे डोकं आहे.

लिव्यो म्हणतो, पेट्रोलनं डिझेलच्या पंपाचं वंगणच जातं. तो स्वतःलाच खातो आणि त्याचा कीस सगळ्या नळ्यांमध्ये पसरतो. सगळं बदलायचं तर अर्धी गाडी नवी घेतल्यासारखं. विमा हात वर करणार. गाडी त्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे.

संध्याकाळी मी पापांना सरळ सांगितलं, की सान मार्तीनोच्या सणाला, अकरा तारखेला, सामान हलवायचं. बाकीचं जग त्या दिवशी घर बदलतं, आपणही बदलू. मला वाटलं होतं रात्रभर भांडण होणार. मी सगळी उत्तरं तयार करून गेले होते. ते म्हणाले, "बरं." बस, एवढंच. मग म्हणाले, कोंबड्या बतिस्तीनला देतो.

मला हवं होतं ते मिळालं आणि मी घरी येऊन भांडी आपटत बसले आहे. आयुष्यभर ज्या माणसानं कुठल्याही गोष्टीला पहिल्यांदा हो म्हटलं नाही, तो बरं कसं म्हणतो? डोकंच गेलं असेल तर प्रश्न मिटला. ओनोरीनाला अजून काही माहीत नाही. तेवीस ऑक्टोबरला पापांनी तिला डोळ्याच्या डॉक्टरकडे तपासायला नेलं होतं, त्यानंतर लगेच तिची मुलगी तिला ऑपरेशनला सालुत्सोला घेऊन गेली, ती तिकडेच आहे. आल्यावर कळेलच, की आता गाडीही नाही आणि पापाही नाहीत. मग तीही जाणार आणि बतिस्तीन गाईंशी गप्पा मारत बसणार.

देल्फीना


प्रारोस्सो, ९ नोव्हेंबर

कोस्तांझो,

पापांच्या टेबलावर बसून लिहिते आहे. ते गोठ्यात आहेत आणि मुद्दाम आत येत नाहीयेत.

आज सकाळी मी त्यांची कपाटं रिकामी करायला आले. लिव्यो त्याच्या कामाला वर येत होता, त्यानं आणून सोडलं. मी आईच्या चादरी घडी करून खोक्यात भरत होते, तेवढ्यात दारातून ओनोरीना. कालच मुलीनं आणून सोडलं तिला. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात भाजलेल्या चेस्टनटचं गरम पुडकं. गाडी दिसत नाही हे तिच्या लक्षात आलंच होतं, पण तिला वाटलं, कोणीतरी नेली असेल. ती खुर्चीवर बसली, आणि बोलायची पद्धत नसताना तिनं ती गोष्ट काढली, कारण तिला चैन पडत नव्हती.

"जाफ्रेदो, बोलू नये, पण बोलते," ती पापांना म्हणाली. "डॉक्टरकडे मला तपासायला नेलंस ना, त्या संध्याकाळी मी माझ्या डब्यातलं ओतलं. डोळ्यांत थेंब घातलेले, समोर सगळं धुकं. हातानं चाचपून झाकण काढलं. बाहेर तर नाही ना सांडलं?"

माझ्या हातात चादर तशीच राहिली. मी तोंड उघडलं. पापांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कोस्तांझो, लहानपणी फादरांसमोर शिवी दिली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं होतं, त्यानंतर आजच.

"नाही सांडलं," ते म्हणाले. "सगळं आत गेलं."

ती इतकी खूश झाली. तिनं चेस्टनट सोलून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मग खोकी बघून विचारलं, हे काय चाललंय. पापा न चाचरता म्हणाले, देल्फीनाला खाली एकटं वाटतं, म्हणून हिवाळाभर तिच्या सोबतीला जातोय. मला. एकटं. तिनं माझ्याकडे इतक्या कळवळ्यानं पाहिलं, की मला चादरीत तोंड खुपसावं लागलं. जाताना तिनं माझ्या गालावर हात ठेवून सांगितलं, की बाई, अजून काही वय गेलेलं नाही तुझं.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. म्हटलं, हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?

"लिव्योनं हुंगलं तेव्हा कळलं," ते म्हणाले. "पेट्रोलचा डबा आता फक्त तिच्याचकडे."

"आणि तुम्ही सगळ्या खोऱ्यासमोर म्हातारचळ लागल्याचं सोंग घेतलंत. डॉक्टरसमोर."

"मग काय तिचं नाव घेऊ? तिला कळलं तर ती आयुष्यात परत कोणाच्या गाडीत पाय ठेवणार नाही. दुसऱ्या दिवशी मुलीकडे निघून जाईल, मान खाली घालून. मी खाली गेलो तर लोक म्हणतील म्हातारा झाला, गेला. त्यात काय, म्हातारा झालोच आहे."

मी म्हटलं, तुम्ही गेल्यावर वर गाडी नाही, मग तरी तिची मुलगी तिला कुठे राहू देणार?  ते एवढंच म्हणाले, की निदान स्वतःहून जाईल. आणि गोठ्यात निघून गेले.

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटतंय. मला ओनोरीनाच्या घरी जाऊन ओरडावंसं वाटतंय, आणि त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन ते मी कधीच करणार नाही, हेही मला माहीत आहे. आणि तुझाही राग येतोय. तू समुद्राकाठी बसून, दोन वर्षं इकडे न फिरकता, वस्तीतल्या माणसांचे हात कुठल्या डब्याकडे जातात हे बरोबर ओळखलंस. मी दर आठवड्याला वर येते आणि मला लाल चिठ्ठी पुरेशी वाटली.

परवा सान मार्तीनो. मी खोकी भरायची थांबवली आहेत. पुढे काय करायचं, हे मला माहीत नाही. एक मात्र मला कळलं, की मागची खोली आता मला या कारणासाठी भरायची नाही. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, आणि ते ठिकाणावर असल्याबद्दल त्यांना घर सोडायला लावणं हे माझ्याच्यानं होणार नाही.

तुला सुचत असेल तर लिही. या वेळी एका शब्दापेक्षा जास्त.

देल्फीना


प्रारोस्सो, १६ नोव्हेंबर

कोस्तांझो,

तुझं पत्र आलं. चक्क दोन्ही बाजू भरून. मी आधी पाकिटावरचं अक्षर ओळखलंच नाही.

ऑलिव्हच्या मळेवाल्याची ती छोटी फोर-बाय-फोर घेऊन टाक. पेट्रोल, सहा वर्षांची, चाकं नवी, तू स्वतः इंजिन उघडून पाहिलंस, मला आणखी काही विचारायचं नाही. लिव्योच्या शेडमधली डिझेलवाली तू म्हणतोस तशी सुट्या भागांसाठी विकू. जाईल तेवढ्याला जाऊ दे. आता तुझा प्रश्न, की डॉक्टर पापांना चालवू देणार नाही, मग चालवणार कोण.

मी. गाडी माझ्या नावावर कर. सान मार्तीनोच्या दिवशी बतिस्तीनचा ट्रॅक्टर पोंतेला आला तो पापांचं सामान खाली घेऊन नाही, तर माझं वर न्यायला. त्यांना खाली आणायला निघाले आणि माझीच गादी वर चढवून बसले. शाळेची स्वयंपाकीण सकाळी वरून उतरली काय आणि खालून निघाली काय, पोरांच्या पास्त्याला काही फरक पडत नाही. ओनोरीनाच्या मुलीलाही फोन केला, की हिवाळाभर मी आणि गाडी दोन्ही वर असू, तुझी आई राहिली तर मला सोबत होईल. ती म्हणाली, हो, आई सांगत होती तुला फार एकटं वाटतं म्हणून. मी दात खाऊन हो म्हटलं. पाच दिवस वर राहून मला सर्दी झाली आहे, चूल धूर करते, पापा पहाटे उठून लाकडं फोडतात आणि मी उठले की कुरकुर करतात, की बायका आजकाल उशिरा उठतात. मी पहिल्याच आठवड्यात मेटाकुटीला आले आहे. पण ओनोरीना राहते आहे. तिच्या डब्यातलं तिनं खुशाल ओतावं.

गाडी कुठून येते आहे हे पापांना सांगावं लागलं. काल जेवणं झाल्यावर तुझी दोन्ही कार्डं मी त्यांच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, समुद्राकडचा जाणकार माणूस कोण तेही. मला वाटलं, उठून चुलीत लाकूड घालतील. नाही उठले. दुसरं कार्ड हातात घेऊन उजव्या डोळ्याजवळ नेलं, पुन्हा नेलं. "डबे," एवढंच मोठ्यानं वाचलं.

 मी भांडी घासायला उठले तर म्हणाले, बस, लिहून घे. हे पुढचं त्यांचं आहे, माझा त्यात एक शब्द नाही.

"मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. तेव्हाही दिसत नव्हतं. डॉक्टरकडचा तक्ता बतिस्तीन आधी जाऊन पाठ करून आला होता, गोठ्यात त्यानं माझ्याकडून घोकून घेतला. तू खरं बोलला होतास आणि मी तुला जेवणाच्या टेबलावर चुगलखोर म्हटलं. गाडी तू स्वतः घेऊन ये. देल्फीनाला पोंतेहून घे, मीही तिथपर्यंत उतरून येतो. वर येताना तू चालव, मी शेजारी बसेन. चाक डावीकडे, म्हणून शेजारी बसलो की चालवणारा माझ्या डाव्या हाताला येतो, आणि त्या बाजूचं मला काहीच दिसत नाही. तेव्हा घरी पोचेपर्यंत बोलत राहा."

देल्फीना